मुराळ्याचा डावा हात

कौतिकने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलली आणि एकेक करून क्लचच्या दांडीवर मांडली. आपणहून ती तिथे जाऊन बसत नव्हती. मग त्याने दात आवळले, मान खाली घातली आणि जोर लावला. मानेची शीर फुगली, टोपी मागे सरकली, कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. दांडी होती तिथेच राहिली.

“दबनी ना थोडी?” त्याने विचारलं.

तोताराम मिस्तरी समोरच्या पाटावर बसून चिंधीने हात पुसत होता. त्याने दांडीकडे पाहिलं, मग आपल्या मित्राच्या तोंडाकडे पाहिलं.

“थोडीशी दबनी,” तो म्हणाला.

“खोटं नको बोलू.”

“मंग माले काबरं इचारस?”

कौतिक हसला. हसताना त्याच्या तोंडाचा डावा कोपरा अजून जरा उशिरा हलायचा. पावसाळ्यात लकव्याचा झटका येऊन गेला होता. बोलणं सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, डावा हात तेवढा मागे राहिला. हँडल धरण्यापुरती बोटं वळत, पण त्यांच्यात दाबायचा जोर नव्हता. जळगावच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याने ओट्यावर बसून चेंडू खेळायचा म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. म्हणून त्याची बायको कमलबाई रोज संध्याकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा काढून थाळीत त्याच्यापुढे ठेवायची आणि तो आत ओसरीत बसून दाबायचा.

“घरमा कणीक ते मस्त दबस,” कौतिक म्हणाला. “आठेच काबरं अडस?”

“कणीक ती कणीक. हाई लोखंड शे.”

“म्हणीसनच ते. कणीक पडी बायकोना हातनी. लोखंड कोन्हं मन ठेवत नई. ज्या दिन हाई दांडी दबी, त्या दिन मी समजसू का हात बरा व्हयना.”

असं बोलून त्याने बोटं पुन्हा एकेक करून उतरवली आणि हात मांडीवर ठेवला. जिनिंगमधून उडालेला कापूस त्या दिवसांत धरणगावात सगळीकडे तरंगत असायचा आणि तोतारामच्या गॅरेजात तेलकट दिसेल त्या वस्तूला चिकटून बसायचा. तोतारामने दांडीवरचा कापूस फुंकून काढला. बाकी काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

गाडी कौतिकच्या वडिलांची, जीवराम आबांची. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली ही एक इंग्रजी मोटारसायकल आबांनी हौसेने आणली होती. गिअर उजव्या पायात, आवाज तीन शेतं ओलांडून ऐकू जाणारा. गाव तिला फटफटीच म्हणायचं. आबा गेले, गाडी कौतिककडे आली, आणि पुढच्या वर्षांत तिची पार रया गेली. ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग टाकीला फासला गेला, सीटला गोणपाट आलं, मागचा दिवा तारेने बांधला गेला. आता लकव्यातून उठल्यावर कौतिकने डोक्यात घेतलं होतं, की गाडी पूर्ण खोलायची आणि आबांच्या वेळी होती तशी करायची. अगदी तशी. एक नट इकडचा तिकडे नाही.

तोताराम संक्रांतीपासून त्याच कामाला लागला होता. ठिणगी देणारा मॅग्नेटो धुळ्याहून भरून आणला. पिस्टन जळगावच्या भंगार बाजारात सापडला. ट्रकांवर नावं लिहिणाऱ्या पेंटरने टाकीला काळा रंग देऊन त्यावर सायीच्या रंगाची बारीक रेघ ओढली, तेव्हा ती पाहायला चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली होती. गाडी नटून तयार होत होती. प्रश्न उरला होता क्लचचा. लष्करासाठी बनवलेली गाडी, आतल्या स्प्रिंगा अशा कडक, की धडधाकट माणसाचं मनगट संध्याकाळी दुखायचं.

आणि आखाजी जवळ येत चालली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला घरचा माणूस जातो, तो मुराळी. कौतिकची मोठी बहीण बेबाबाई, त्याची आक्का, पारोळ्याच्या पलीकडे एका गावात दिलेली. आई लवकर गेल्यामुळे तिनेच कौतिकला न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं. तिच्या पहिल्या आखाजीला आबा मुराळी म्हणून याच गाडीवर गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मिसरूड फुटलेल्या कौतिकच्या हाती हँडल दिलं, आणि तेव्हापासून एकही आखाजी चुकली नव्हती. गावाच्या शिवेवर फटफटी वाजली की बेबाबाई हातातलं काम टाकून पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची. आता तिला सुना आल्या होत्या, नातवंडं झाली होती. मुलं म्हणायची, आम्ही जीपने सोडतो. ती म्हणायची, “मुराळी आल्याबिगर माहेरले जावाले मी काय रस्तावर पडेल शे का?” 

तोतारामला बहीण नव्हती. आखाजीच्या सणाला त्याचं गॅरेज उघडं असायचं.

बाजाराच्या दिवशी कमलबाई एकटीच आली. पिशवीतून तिने भरिताची चार-दोन वांगी काढून पाटावर ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पायरीवर टेकली. नवऱ्याच्या मित्राकडे एकटीने यायची तिची ही पहिलीच वेळ होती. बराच वेळ ती टाकीवरच्या रेघेकडे पाहत राहिली.

“डॉक्टरनी माले येगळं बलाईसन सांगं,” ती म्हणाली. “हात आते इतलाच ऱ्हाई म्हने. यानापुढे सुधराव नई.”

तोतारामच्या हातातला पाना थांबला.

“कौतिकले मालूम शे?”

“नई. मीच डॉक्टरसना पाय धरात. त्यास्ले सांगू नका म्हनी.”

“पण वहिनी, तो ते सांगस, कणीक चांगली दबस.”

कमलबाईने आपल्या तळहातांकडे पाहिलं. “पाणी जास्ती टाकस मी. रोज थोडं थोडं. आते ते इतली सैल व्हस का त्या गोळानी पोळी लाटाय जात नई. त्यासनं दाबीसन व्हयनं का मी तो गायले टाकी देस.”

तोतारामने पाना खाली ठेवला.

“तुमी बी तसंच करा, भाऊ,” ती म्हणाली. “गाडीमा थोडं पाणी टाका.”

“वहिनी, हाई काय कणीक शे?” तो एकदम चिडून म्हणाला. “आणि तो मना दोस्त शे. लोखंडवर भरोसा शे म्हनस.”

“म्हणीसनच तुमनाकडे ऊनी.” तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. “सांजले तो गोळा दाबतास ना, त्या बखतले त्यासनं तोंड दखा तुमी. तेवढाच येळ माणूस जित्ता वाटस. बाकी दिनभर भिंतकडे दखत बसतस. आक्काले आणानी, आक्काले आणानी, एवढंच चालू शे. एक आखाजी, भाऊ. एवढी एक पार पडू द्या. आणि त्यास्ले सांगू नका.”

ती गेल्यावर तोताराम वांग्यांकडे पाहत बसला. त्याला कमलबाईचा राग आला होता, डॉक्टरांचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त त्या पोलादी स्प्रिंगांचा आला होता. आयुष्यभर त्याने गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं असं नाही. उद्या देतो म्हणून आठ दिवस लावणं हा तर धंद्याचा भागच. पण हातातलं काम खोटं करायचं त्याच्या जिवावर आलं.

सुरुवात त्याने सरळ मार्गाने केली. नवी क्लच वायर आणली, ती कुठे दुमडणार नाही अशी मोठ्या वळणाने नेली, आत ग्रीस भरलं. क्लचच्या प्लेटांमधले बुचाचे जुने तुकडे झिजून गेले होते, तिथे नवं अस्तर बसवलं. वाकड्या झालेल्या प्लेटा लेथवाल्याकडून सरळ करून घेतल्या. गिअरबॉक्सवरचा क्लचचा हात बोटभर लांब करून घेतला. एवढं केल्यावर त्याने स्वतः दांडी दाबून पाहिली आणि ती खरोखर हलकी झाली होती. दुसरा कुणी असता तर खूश होऊन गेला असता. कौतिक आला, त्याने बोटं मांडली, जोर लावला, आणि दांडी जेमतेम हलून थांबली.

“हालनी,” तो म्हणाला. “पण दबनी नई.”

त्या दिवशी तो गेल्यावर तोतारामने क्लचचं झाकण पुन्हा उघडलं. आबांच्या वेळच्या स्प्रिंगा एकेक करून काढल्या, तेल लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, आणि त्यांच्या जागी एका छोट्या गाडीच्या नरम स्प्रिंगा बसवल्या. आधी त्या नट आवळून आवळून कडक ठेवल्या. मग कौतिकच्या दर खेपेआधी नट थोडा थोडा ढिला करत गेला.

दांडी पहिल्यांदा अर्ध्यापर्यंत आली तेव्हा कौतिकने आधी दांडीकडे पाहिलं. त्याने ती सोडली, पुन्हा दाबली. ती पुन्हा आली. त्याने हात काढला आणि उलटापालटा करून पाहिला. फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं तो त्या हाताकडे पाहत होता.

“तोताराम,” तो म्हणाला, “दख.”

त्याने टोपी काढून डोळ्यांवर धरली. तोतारामला आनंद झाला, आणि त्याच वेळी इतकी शरम वाटली की तो चहा सांगायच्या निमित्ताने उठून टपरीवर निघून गेला. चहा आला. कौतिकने ग्लास उजव्या हाताने घेतला. डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तोतारामने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

शिमगा झाला, उन्हं तापली, दांडी पार हँडलला टेकायला लागली. कौतिक बाजारात भेटेल त्याला मूठ मिटून दाखवायचा. मिटलेली मूठ फार घट्ट नसायची, पण ऐकणारे मान डोलवायचे. त्याची चाल सुधारली, आवाज मोठा झाला. एकदा तर तो तोतारामवरच ओरडला, की मागच्या मडगार्डवरचा नंबर आबांच्या वेळी पिवळ्या रंगात होता आणि पेंटरने पांढऱ्यात लिहिला. तोतारामने निमूटपणे तो पुसून पिवळ्यात लिहून घेतला. कौतिक असा भांडल्याला वर्ष होत आलं होतं.

तोताराम गाडी एरंडोलच्या सडकेवर दूरपर्यंत नेऊन आला. गाडी गोड चालली. क्लच लोण्यासारखा हलका, गिअर अलगद पडत होते. सपाट रस्ता, वर एकटा बसलेला वाळकुडा मिस्तरी. तक्रारीला जागाच नव्हती.

आखाजीच्या आधी कौतिक गाडी न्यायला आला. नवी टोपी, खांद्यावर उपरणं. त्याने किक मारली, बोटं दांडीवर मांडली, दाबली, आणि गाडी कडुनिंबाच्या सावलीतून उन्हात गेली. सडकेला लागल्यावर त्याने मागे न पाहता डावा हात वर केला. हात खांद्याएवढाच वर गेला. तोताराम गॅरेजच्या दारात उभा राहून आवाज विरेपर्यंत ऐकत होता. केलं ते बरंच केलं, असं त्याला त्या वेळी मनापासून वाटलं.

आखाजी झाली. कौतिक लगेच सांगायला येईल असं तोतारामला वाटत होतं, तो आला नाही. तोताराम दोनदा टपरीवर चौकशी करून आला. शेवटी एका टळटळीत दुपारी फटफटीचा आवाज आला. कौतिक एकटाच होता. त्याने गाडी सावलीत लावली, खाली उतरला आणि पाटावर न बसता उभाच राहिला.

“क्लच उघाड,” तो म्हणाला.

“काय व्हयनं?”

“आधी उघाड.”

तोतारामने बैठक मारली, तेल काढलं, झाकणाचे स्क्रू सोडवायला घेतले. त्याचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

“आक्का ऊनी ना?” त्याने खाली मान घालूनच विचारलं.

“ऊनी.” कौतिकने टोपी सारखी केली. “जावाले मस्त गया मी. शिववरच तिनी आवाज वळखा. तांब्या लिसन दारमा उभी. सुनास्ले म्हने, दखा, मना मुराळी ऊना. येताना पारोळापाईन काही तरास नई. मंग आपला नाला ऊना.”

सडक सोडून कौतिकच्या गावाकडे वळलं की नाला लागतो, आणि नाल्यापुढचा चढ उभा आहे. चढावर गाव. तोतारामच्या हातातला स्क्रू तेलात पडला. मुराळी जातो एकटा. येताना त्याच्या मागे बहीण बसलेली असते, तिच्या मांडीवर सांजोऱ्यांचा डबा, बाजूला पिशव्या. हे खान्देशातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या नरम स्प्रिंगा चढावर दोघांचं वजन पेलणाऱ्या नव्हत्या; तोतारामने क्लच जाण्यापुरता केला होता.

“अर्धा चढवर इंजिन वरडाले लागनं,” कौतिक म्हणाला, “आणि चाक फिरे नई. जळेल वास ऊना. आबानी माले गाडी शिकाडी तव्हय पहिली गोष्ट हाई सांगेल व्हती, इंजिन वरडस आणि गाडी जागावर, ते स्प्रिंग सैल शे म्हनीसन समज.”

तोतारामने वर पाहिलं नाही.

“आक्का उतरनी. चढ पायी चढनी, त्या उन्हमा. मी गाडी धरीसन संगे संगे. माले हसाडाले म्हने, गाडी बी मनामायक म्हातारी व्हयनी रे भाऊ. निम्मा चढवर तिले धाप लागनी, खाली बसनी. मांगून एक ट्रॅक्टर ऊना, खतना पोता भरेल. त्याना वर बसाडं तिले. ती पुढे गयी, मी मांगून. बठ्ठं गाव दारमा उभं व्हतं. आक्का ट्रॅक्टरमा ऊनी आणि मुराळी रिकामा ऊना.”

झाकण निघालं. आतल्या नरम स्प्रिंगा उघड्यावर आल्या. कौतिक वाकला, उजव्या हाताच्या बोटाने त्यांतली एक दाबून पाहिली. ती सहज दबली.

“कमल ऊनी व्हती का आठे?” त्याने विचारलं.

तोताराम चिंधी शोधायला लागला. चिंधी त्याच्या गुडघ्यावरच होती.

“समजनं,” कौतिक म्हणाला आणि आता पाटावर बसला. “कणकेनं माले मालूम व्हतं. रोज सांजले गाय दारशी येईसन उभी ऱ्हास, मी दाबतपावत हालत नई. तिले कोनी सांगं आठे खावाले भेटी? बायको शे, करी. मी काही बोलनू नई. पण तुनावर... लोखंडवर भरोसा व्हता मना, तोताराम. माले वाटे, कणीक खोटी ऱ्हाऊ दे, दांडी ते खरी दबनी.”

तोतारामला पुष्कळ सांगायचं होतं. दात आवळलेला मित्राचा चेहरा, भरिताची वांगी, टोपीआडचे डोळे. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “मनं चुकनं.”

“जुन्या स्प्रिंगा फेकात का?”

“नई.”

“बसाड मंग.”

“त्या तुले दबावं नई, कौतिक.”

“माले मालूम शे.”

तोतारामने फळीवरचा बिस्किटाचा डबा खाली काढला. स्प्रिंगा तेलात चकाकत होत्या. त्याने त्या एकेक करून जागी बसवल्या, नट पहिल्यासारखे आवळले, झाकण लावलं, तेल भरलं. चहा आला तो तसाच निवला.

काम झाल्यावर कौतिक उठला. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलून त्याने दांडीवर मांडली आणि जोर लावला. या खेपेला त्याने दात आवळले नाहीत. दांडी जेमतेम हलून थांबली. तो तसाच थोडा वेळ धरून उभा राहिला.

“आते बराबर शे,” तो म्हणाला. “आबानी व्हती तशी.”

मग तो म्हणाला, “आक्काले आज सकाळे यष्टीमा बसाडी दिधं. पुढला साल मुराळी नको धाडू म्हने. मी मन्ही एकलीच येसू.” आणि जरा वेळाने, “तू चालाड गाडी. माले घर सोड. कमलले काही सांगू नको. तिना जीव त्या गोळामा शे.”

आजवर या गाडीच्या मागच्या सीटवर कौतिक फक्त आबांच्या पाठी बसला होता. त्यालाही आता पस्तीसेक वर्षं झाली असतील. तोतारामने गाडी चालू केली. सडकेवर रणरणतं ऊन होतं, शेतं नांगरून पडली होती. नाला आला. तोतारामने गिअर खाली घेतला, त्याच्या मनगटाला ती जुनी कळ जाणवली, आणि दोघांना घेऊन गाडी तो चढ एका दमात चढून गेली. कुठे इंजिन ओरडलं नाही, कुठे वास आला नाही. कौतिकने मागून त्याची कंबर धरली होती. उजव्या हाताने सदरा घट्ट पकडला होता. डाव्या हाताचं नुसतं वजन लागत होतं.

आवाज ऐकून कमलबाई पिठाच्या हातांनी अंगणात आली. पुढे कोण आणि मागे कोण हे पाहून तिची पावलं थांबली.

“आज तुमी मांगे?”

“डोया साथ देत नई आते,” कौतिक उतरता उतरता म्हणाला. “समोरनं धुक्कट दिखास. हात बरा शे मना, पण डोयासमुळे गाडी बंद. खळामा झाकीसन ठेवू.”

कमलबाईने तोतारामकडे पाहिलं. तोताराम गाडी स्टँडवर लावण्यात गुंतला होता. गाडी कधीच स्टँडवर लागली होती.

ओसरीत बसून तोतारामने चहा घेतला. ऊन उतरलं होतं. कमलबाई आतून थाळी घेऊन आली आणि तिने ती नवऱ्यापुढे ठेवली. थाळीत कणकेचा गोळा होता, पण तो गोळा राहिला नव्हता, थाळीभर पसरला होता. कौतिकने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलली आणि एकेक करून त्यावर मांडली. ती आपल्याच वजनाने खाली गेली आणि थाळीला टेकली.

“आज जोर जास्ती शे,” कमलबाई म्हणाली.

“हा,” कौतिक म्हणाला. “उद्यापाईन जरा घट्ट मळत जाय. हाई ते सहज दबस.”

“मळसू,” ती म्हणाली.

तोतारामने कप खाली ठेवला आणि बाहेर पाहिलं. दाराशी गाय येऊन उभी होती.